लाळेने न पुसली जाणारी साखर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या ज्या लॅबमध्ये मी हिस्टोपॅथॉलॉजीचं, म्हणजे ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचं काम शिकले, तिथे माणसाची लाळ हे एक रीतसर रसायन होतं. बायॉप्सीचा तुकडा पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे आणि एकाच ब्लॉकच्या दोन स्लाइड शेजारीशेजारी मांडायच्या. एकीवर आपल्या तोंडातली लाळ सोडायची, थोडा वेळ उबेला ठेवायची आणि धुऊन टाकायची. दुसरीला लाळ लावायची नाही. पुढचं दोघींचं सारखंच. आधी पिरियॉडिक ॲसिड, मग पाण्याने धुणं, मग शिफचं द्रावण, आणि शेवटी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं.

शिफचं द्रावण फ्रिजमध्ये असतं आणि चांगलं असेल तर पाण्यासारखं रंगहीन दिसतं. बाटलीतच गुलाबी व्हायला लागलं की ते टाकून द्यायचं. स्लाइडवर मात्र पिरियॉडिक ॲसिडने जिथे जिथे साखरेची कडी उघडून ठेवलेली असते तिथे ते पकडतं, आणि नळाखाली धरल्यावर बघता बघता किरमिजी रंग चढत जातो. ह्यूगो शिफने हे द्रावण १८६६ साली सांगितलं. मॅकमॅनसने ते पिरियॉडिक ॲसिडबरोबर ऊतींवर वापरून दाखवलं १९४६ साली. आजही जगातल्या बहुतेक सगळ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हा स्टेन, म्हणजे रंग चढवण्याची ही पद्धत, होतो. लाळेच्या जागी आता बाटलीतलं डायस्टेज आलंय, बाकी क्रिया तीच.

केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून उगवणारी ट्रायकिलेमोमा नावाची एक निरुपद्रवी गाठ असते. तिच्यावर हा प्रयोग फार सुरेख दिसतो. लाळ न लावलेल्या स्लाइडवर सगळंच किरमिजी असतं. पेशी आतून ग्लायकोजेनने, म्हणजे साठवलेल्या साखरेने, भरलेल्या, त्यामुळे त्या रंगलेल्या. आणि पेशींच्या पुंजक्याभोवतीची जाड कडही रंगलेली. लाळ लावलेल्या स्लाइडवर पेशी आतून रिकाम्या, पांढऱ्या दिसतात. लाळेतल्या अमायलेज नावाच्या एन्झाइमने ग्लायकोजेन तोडून टाकलेलं असतं आणि ते पाण्याबरोबर गेलेलं असतं. कड मात्र जशीच्या तशी राहते, पहिल्या स्लाइडइतकीच गडद. मला शिकवणारे आमचे जुने तंत्रज्ञ काका म्हणायचे, "साठवलेली साखर लाळेला मिळते. बांधलेली मिळत नाही."

ती कड म्हणजे तळपटल. आपल्या बाह्यत्वचेचा सगळ्यात खालचा थर ज्याच्यावर बसलेला असतो, तो पडदा. लॅमिनिन, कोलॅजेन अशी प्रथिनं त्यात विणलेली असतात आणि त्या प्रथिनांवर जागोजागी साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. त्वचेची गाठ जोवर या रेषेच्या वर आहे तोवर गोष्ट वेगळी असते. ती रेषा फोडून खाली उतरली की रिपोर्टमध्ये एक शब्द बदलतो आणि त्या घराचे पुढचे काही महिने बदलतात. त्यामुळे ती किरमिजी रेषा शोधताना मी आजही श्वास रोखते.

बांधलेल्या साखरेबद्दल, म्हणजे प्रथिनांवर जोडलेल्या या साखळ्यांबद्दल, मला जे सांगायचंय ते त्या काकांच्या वाक्यातून सुरू होतं, आणि ते सांगायची गरज माझ्या आत्याच्या आजारपणात पडली.

पण आधी ही साखर बांधली कशी जाते ते. प्रथिन तयार होताना कोणत्या अमिनो आम्लामागे कोणतं यायचं हे डीएनएमध्ये अक्षर न् अक्षर लिहिलेलं असतं. साखरेचं तसं नाही. पेशीत प्रथिन तयार होत असतानाच त्याच्या ठराविक जागेवर चौदा शर्करांची एक आयती साखळी बसवली जाते: दोन ग्लुकोसामाइनच्या, नऊ मॅनोजच्या, तीन ग्लुकोजच्या. मग त्या तीन ग्लुकोज एकेक करून काढल्या जातात, आणि प्रथिनाची घडी नीट बसली की नाही याची पारख त्यावरून होते. पुढे गॉल्जी नावाच्या भागात (कामिल्लो गॉल्जीने तो १८९८ साली पाहिला) एक एन्झाइम काही छाटतं, दुसरं काही जोडतं, तिसरं टोकाला सायलिक ॲसिड नावाची शर्करा लावतं. कोणतं एन्झाइम किती आहे, कच्चा माल किती आहे, प्रथिन तिथे किती वेळ रेंगाळलं, यावर शेवटचं रूप ठरतं. गोडा मसाल्याची कृती वहीत एकच असली तरी प्रत्येक घरचा मसाला त्या घरच्या हातावर, भाजण्यावर आणि त्या वर्षी मिळालेल्या दगडफुलावर ठरतो, तसंच हे. म्हणून पेशीचा स्वभाव बिघडायला लागला की त्याची खूण तिच्यावरच्या साखरेत फार लवकर उमटते. माणसाच्या शरीरातल्या निम्म्याहून अधिक प्रथिनांवर अशी साखर असते, त्यामुळे ही काही कोपऱ्यातली गोष्ट नव्हे.

रक्तगट सगळ्यांना माहीत असतात, पण ते साखरेचे असतात हे फार कमी जणांना माहीत असतं. तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एक शर्करा असली तर ए, दुसरी असली तर बी, दोन्ही नसल्या तर ओ. आणि या तिन्हींच्या खाली पाया म्हणून एक फ्युकोज नावाची शर्करा लागते. ज्यांच्यात ती फ्युकोजच जोडली जात नाही अशी माणसं मुंबईत सापडली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर तो गट बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणूनच ओळखला जातो. या लोकांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. एक शर्करा नाही, एवढाच फरक. पण चुकीची बाटली लागली तर जीव जाऊ शकतो. फ्युकोजचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता आत्या. ती वाडीत राहते, जुन्या मराठी वस्तीत. लग्न झाल्यापासून रोज साडी आणि साडीखाली परकर. नाडी घट्ट बांधायची, एकाच जागी, डाव्या कुशीवर गाठ मारून. कमरेभोवती नाडीचा काळपट वळ पडलेला आमच्या घरातल्या सगळ्याच बायकांच्या अंगावर मी लहानपणापासून बघितलाय. तिथली कातडी जाड होते, पापुद्रे सुटतात, खाज येते, उन्हाळ्यात घामाने चुरचुरते. आत्याच्या गाठीखालच्या जागी एक चट्टा झाला. तिला तो गजकर्ण वाटला आणि तिने मेडिकलच्या दुकानातून ट्यूब आणली. ट्यूब संपली की दुसरी. मग तिथे एक जखम झाली आणि ती भरेना. मला तिने एका पाडव्याच्या दिवशी, श्रीखंड वाढता वाढता, सहज सांगितलं. मी विचारलं, "आत्या, दाखव बरं." ती म्हणाली, "अगं, नाडीची खाज कुणाला येत नाही?" पण दाखवली. कडा उचललेल्या आणि हाताला टणक लागत होत्या. दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन गेले.

बायॉप्सी आली: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर.

याची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती मराठी माणसाने केलेली आहे, याचा मला अभिमान वाटतो. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली, आपल्या चालीरीतींमुळे होणाऱ्या कॅन्सरांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी कमरेला धोतर घट्ट बांधणाऱ्यांच्या त्वचेवर, नेमक्या त्या वळावर होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन केलं. त्याला धोती कॅन्सर असं नाव पडलं. पुढे परकराच्या नाडीच्या जागी होणारे असेच कॅन्सर डॉक्टरांनी नोंदवले आणि त्यांना साडी कॅन्सर म्हणू लागले. तो दुर्मीळ आहे, घाबरून साडी सोडावी असं काही नाही. पण एकाच जागी वर्षानुवर्षं घासलेली, सुजलेली, भरून येऊन पुन्हा फाटलेली त्वचा केव्हातरी बिघडू शकते, हे खानोलकरांच्या पिढीने सांगून ठेवलंय.

रिपोर्ट घरात पोचला आणि पहिली गोष्ट काय झाली असेल तर आत्याच्या पानातली साखर गेली. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं की कॅन्सर साखरेवर जगतो, साखर तोडा म्हणजे तो उपाशी मरेल. शेजारच्या बेन येऊन म्हणाल्या, "मासी, हवे गळ्युं बंध." म्हणजे, मावशी, आता गोड बंद. वहिनींनी चहा बिनसाखरेचा केला, मग फळं थांबवली, मग भात कमी केला. सगळं प्रेमापोटी, यात शंका नाही. पण ऑपरेशन तोंडावर असलेली सत्तरीतली बाई, जिला मधुमेह नाही, ती महिनाभरात उतरली. गालांची हाडं दिसायला लागली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ते हेच.

मी वहिनींना स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. ट्यूमरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरं आहे. ऑटो वारबुर्गने हे १९२०च्या दशकात दाखवलं आणि कॅन्सर कुठे कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन आजही त्याच गोष्टीवर चालतो. पण म्हणून पानातली साखर काढली की ट्यूमरची तुटते असं होत नाही. मेंदूलाच दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, आणि ते कमी पडू नये म्हणून आपण गोड खाल्लं नाही तर यकृत ग्लुकोज बनवतं. साठा संपला तर स्नायूंची प्रथिनं मोडून बनवतं. म्हणजे आत्याचं शरीर गोड बंद केल्यावर स्वतःचेच दंड-मांड्या वितळवून रक्तातली साखर सांभाळत होतं. मधुमेह असेल तर साखर आवरायलाच हवी, कॅन्सर असो वा नसो. जखम भरण्यासाठी तर ती आवरायलाच हवी. आत्याला मधुमेह नव्हता. तिला ऑपरेशन झेपण्याइतकी ताकद हवी होती.

वहिनींनी विचारलं, "मग तुम्हीच म्हणता ना, कॅन्सरच्या पेशीवर साखर असते म्हणून?"

असते. पण ती पेशी स्वतः घडवते आणि स्वतः बांधते. रक्तातल्या ग्लुकोजचा थोडा हिस्सा त्या कामाला जातो, आणि तेवढा तर उपाशी माणसाच्याही रक्तात असतो. ती साखर वैरीण आहे असंही नाही. तीच शर्करा एका प्रथिनावर असली तर त्वचेला वाचवते, दुसऱ्यावर जास्त झाली तर गाठीला पाय फुटतात. हे वहिनींना मी त्या दिवशी जेमतेम समजावू शकले. इथे जरा सावकाश लिहिते, कारण मला यापेक्षा विलक्षण गोष्ट माझ्या कामात दुसरी भेटलेली नाही.

आपली बाह्यत्वचा सतत खालून वर सरकत असते. तळपटलाला चिकटलेल्या पेशी वाढतात, दुभंगतात. त्यांतल्या काही वर निघतात, दुभंगणं थांबवतात, चपट्या होतात, केराटिनने भरतात आणि शेवटी कोंडा होऊन गळतात. वर निघालेल्या पेशीला 'आता दुभंगणं बस, पक्व हो' असा निरोप देणाऱ्यांत नॉच नावाचं एक प्रथिन आहे. हे नाव माश्यांवरून आलं, शंभरएक वर्षांपूर्वी पंखांच्या कडेला खाच असलेल्या फळमाश्या सापडल्या त्यावरून. २००३ साली संशोधकांनी उंदराच्या त्वचेतून नॉचच्या कुळातलं एक प्रथिन काढून टाकलं, तर त्वचा जाड झाली आणि तिच्यावर गाठी आल्या. २०११ साली माणसांच्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमांची तपासणी झाली तेव्हा सुमारे ७५ टक्के गाठींत नॉचची एक ना एक प्रत मोडलेली निघाली. मग २०१५ साली त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आली. चार जणांच्या पापण्यांची, डोळ्यांना अगदी निरोगी दिसणारी कातडी तपासली. जवळजवळ पाव हिस्सा पेशींत कॅन्सरकडे नेणारे बदल आधीच होते, आणि त्यांत नॉच पुढे होतं. उन्हाने पिकलेल्या चांगल्या त्वचेतही हे चाललेलं असतं, तरी बहुतेकांना काही होत नाही.

या नॉचवर साखर असते. एक एन्झाइम त्याच्यावर फ्युकोज बसवतं, तीच बॉम्बे ब्लड ग्रुपवाली फ्युकोज. दुसरं एन्झाइम त्याच प्रथिनावर वेगळ्या जागी ग्लुकोज बसवतं. फ्युकोजवर आणखी एक शर्करा चढवणारं फ्रिंज नावाचं एन्झाइम आहे. ती चढली की नॉच शेजारच्या पेशीतल्या कोणत्या प्रथिनाचं ऐकायचं ते बदलतं. ही गोष्ट २००० साली कळली. म्हणजे जीनमध्ये नॉच अगदी शाबूत लिहिलेलं असलं, तरी त्याच्यावरची साखर चुकली तर निरोप पोचेल याची खात्री नाही.

हे केवळ प्रयोगशाळेतलं नाही, डोळ्यांनी दिसतं. डाऊलिंग-डेगोस नावाचा एक त्वचाविकार काही घराण्यांत चालत येतो. काखेत, जांघेत, मानेच्या वळ्यांत तपकिरी ठिपक्यांची जाळी उठते. यांतल्या काही घराण्यांत २०१३ साली नॉचवर फ्युकोज बसवणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्ये दोष सापडला, आणि पुढच्या वर्षी आणखी काही घराण्यांत ग्लुकोज बसवणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्ये. एका प्रथिनावरच्या एका शर्करेचा हिशेब अर्धा चुकला की त्वचेवर अशी नक्षी उमटते. मी पहिल्यांदा ते फोटो पाहिले तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचू शकले नाही. शर्करेचा एवढासा फरक, आणि तो कुणाच्याही नुसत्या डोळ्यांना दिसतोय.

आता त्याच फ्युकोजची दुसरी बाजू. मेलॅनोमा हा त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर गोऱ्या लोकांत जास्त, आपल्यात कमी. पण आपल्यात होतो तो बहुतेकदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली, जिथे ऊन फारसं पोचत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली १९८१ साली गेला तो पायाच्या अंगठ्यावरच्या अशाच मेलॅनोमाने. मेलॅनोमाची मूळ गाठ छोटी असते; माणूस जातो तो ती फुप्फुसात, यकृतात, मेंदूत पसरल्यामुळे. न्यू यॉर्कच्या एका गटाने २०१७ साली मूळ जागच्या आणि पसरलेल्या मेलॅनोमांवरच्या साखरा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. पसरलेल्या गाठींत साखळीच्या अगदी मुळाशी फ्युकोज बसवणारं एफयूटी-८ नावाचं एन्झाइम वाढलेलं होतं. ते दाबून टाकलं की उंदरांमध्ये गाठीचं पसरणं कमी झालं. कारणही त्यांनी शोधलं: एल-वन-कॅम नावाच्या, पेशीला पुढे सरकायला मदत करणाऱ्या प्रथिनावर ती फ्युकोज बसली की ते प्रथिन कापलं जात नाही, टिकून राहतं. नॉचवर हवीहवीशी असलेली शर्करा इथे नकोशी.

साखळ्यांना फांद्या फुटण्याचीही अशीच कथा आहे. टोरोंटोच्या एका गटाने १९८७ सालीच दाखवलं होतं की एका विशिष्ट तऱ्हेची फांदी वाढली की ट्यूमरच्या पेशींचा पसरण्याचा स्वभाव वाढतो. पेशींना एकमेकींना धरून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनवर अशा फांद्या जास्त झाल्या की ती पकड सैल पडते. सुटी झालेली पेशी निघून जाऊ शकते.

सायलिक ॲसिडबद्दल लिहिताना मला जरा जपून लिहावंसं वाटतं, कारण इथे आशा आणि धोका हातात हात घालून आहेत. आपल्या निरोगी पेशींवरही साखळीच्या टोकाला सायलिक ॲसिड असतं, आणि प्रतिकार करणाऱ्या पेशींवरचे काही रिसेप्टर, म्हणजे खुणा ओळखणारी प्रथिनं, ते ओळखून हात आखडता घेतात: ही आपली आहे, सोडा. ट्यूमरच्या पेशी तेच सायलिक ॲसिड भरमसाट लावून घेतात आणि सुटतात. उंदरांच्या मेलॅनोमाच्या गाठीत सायलिक ॲसिड बनू न देणारं औषध थेट टोचलं तेव्हा प्रतिकारपेशी आत घुसल्या आणि गाठीची वाढ मंदावली. हा अभ्यास २०१८ सालचा. पण तेच काम सगळ्या शरीरात केलं तर उंदरांची मूत्रपिंडं बिघडतात, कारण मूत्रपिंडाच्या गाळणीला सायलिक ॲसिड लागतंच. पेशीवरची साखर सरसकट काढून टाकता येत नाही, ती यासाठी.

आमच्या टेबलापर्यंत यातली एक गोष्ट पोचते आहे. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारपेशींनाच कॅन्सरवर सोडणारं औषध, द्यायची का हे ठरवताना पुष्कळदा गाठीवर त्या पेशींना थोपवणारं पीडी-एल-वन नावाचं प्रथिन किती आहे ते स्लाइडवर अँटिबॉडी (नेमक्या त्या प्रथिनाला चिकटणारा रेणू) लावून बघतात. या प्रथिनावरही साखर जोडलेली असते आणि २०१६ साली कळलं की त्या साखरेमुळेच ते पेशीत लवकर मोडत नाही. २०१९ सालच्या एका अभ्यासात संशोधकांनी स्लाइडवर आधी साखर कापणारं एन्झाइम सोडलं, साखर काढून टाकली आणि मग अँटिबॉडी लावली. काही रुग्णांच्या गाठीत आधी न दिसलेलं पीडी-एल-वन दिसायला लागलं, आणि औषध कुणाला लागू पडेल याचा अंदाज जास्त बरोबर आला. ते वाचून मला आमचे काका आठवले. लाळेला न मिळणारी साखर काढायला दुसरं एन्झाइम लागलं, पण हात तोच: स्लाइड मांडा, एन्झाइम सोडा, उबेला ठेवा, धुवा, बघा. अजून ही रोजच्या कामातली पद्धत झालेली नाही. व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण निगेटिव्ह म्हणून ज्याचं औषध नाकारलं जातं त्याच्या घरचे रिपोर्ट न्यायला आमच्याच खिडकीशी उभे असतात.

आत्याच्या गाठीवर यातली कुठलीच तपासणी झाली नाही, आणि तिची गरजही नव्हती. तिच्या नाडीच्या जखमेत नॉच मोडलं होतं की दुसरं काही, ते कुणी पाहिलं नाही. तिला साध्या किरमिजी रेषेचा निवाडा पुरला. रेषा फुटली होती, पण गाठ फार खोल उतरलेली नव्हती. भोवतालच्या चांगल्या त्वचेसकट ती कापून काढली, कडा मोकळ्या आल्या, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस वहिनींनी तिला दूध, डाळ, अंडं, भात आणि तिला हवं तेव्हा गोड दिलं. अंडं तिने नाक मुरडून खाल्लं, बासुंदी मागून घेतली.

आता ती परकराला नाडी घालत नाही. वहिनी मंगळ बाजारातून रुंद पट्ट्याचा, हुक लावलेला परकर आणतात, आणि घरी असताना आत्या गाऊन घालते, जो ती पूर्वी कधीच घालत नसे. मी लॅबच्या खिडकीशी येणाऱ्या बायकांना, मुद्दाम विषय काढून, विचारते: नाडी रोज त्याच जागी बांधता का? गाठ रोज जरा सरकवा, सैल बांधा, शक्य असेल तर पट्टा घ्या. तिथला काळा वळ ही बहुतेकींच्या बाबतीत नुसती घासलेली कातडी असते. पण तिथे एखादी जागा टणक झाली, जखम होऊन तीन-चार आठवड्यांत भरली नाही, रक्त यायला लागलं, तर ट्यूब आणू नका, दाखवा. तळपायाला नवा काळा डाग, नखाखाली रुंदावत चाललेली काळी रेघ, तेही दाखवा. पुरुषांनाही सांगते, पट्टा करकचून बांधणारे काही कमी नाहीत. काही बायका लाजतात, काही तिथेच पदर सरकवून विचारतात, "हे बघा ना जरा." मी डॉक्टर नाही, पण कुणाकडे पाठवायचं ते मला कळतं.

आत्याची तपासणी दर काही महिन्यांनी असते. डॉक्टर आधी जखमेची खूण बघतात, मग काख चाचपतात, मग जांघ. पहिल्या वेळी आत्या त्यांच्यावर जरा नाराज झाली. कमरेचं दुखणं, काखेत काय बघायचंय? मी तिला रिक्षात समजावलं. बेंबीच्या वरच्या त्वचेतली लसिका (पेशींमधून झिरपणारा द्रव) काखेतल्या लसिकागाठींकडे वाहते, खालच्या त्वचेतली जांघेतल्या लसिकागाठींकडे, आणि नाडी बांधायची जागा नेमकी त्या सीमेजवळ येते. एखादी पेशी निसटली असेल तर ती वर गेली की खाली हे बाहेरून सांगता येत नाही, म्हणून दोन्हीकडे बघावं लागतं. तेव्हापासून आंघोळीच्या वेळी ती स्वतःच दोन्ही बाजू चाचपून बघते. काही लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं, असं मी तिच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय, आणि त्याखाली माझा नंबर.